थेंबाने आलेला दर्या

बदलापूरच्या कुळगावात मी ज्या घराच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायचो, त्या घराच्या ओटीवर समुद्र होता.

खरंच होता. काचेची एक लांबट पेटी, खाली लाकडी घडवंची, वर झाकण म्हणून जुन्या कपाटाची काच. आत काळा दगड आणि दगडाला चिकटलेलं एक फूल. ते फूल म्हणजे प्राणी होता हे मला पहिले काही दिवस पटलंच नव्हतं. बोटाएवढं जाड देठ आणि वर मऊ, हलणाऱ्या पाकळ्यांचा झुबका. त्याच्याशेजारी शंख पाठीवर घेऊन हिंडणारा एक खेकडा आणि वर-खाली फिरणारा एक पट्टेरी मासा. मी खानदेशातला. समुद्र मी चित्रात पाहिलेला आणि नंतर एकदा सहलीत, तोही बसच्या खिडकीतून. त्यामुळे समुद्र मी पहिल्यांदा नीट पाहिला तो बदलापुरात, नदीच्या गावात.

पेटीचे मालक भगवंतकाका. उरणकडच्या एका गावातले आगरी. बाप, आजा मिठागरात राबलेले. काकांचं बालपण गुडघाभर खाऱ्या पाण्यात गेलं. मग त्यांच्या वाट्याचं आगर बुजवलं गेलं आणि काका अंबरनाथला एका कारखान्यात बॉयलरवर लागले. लग्न कुळगावच्या काशीशी झालं, सासऱ्यांना मुलगा नव्हता, म्हणून राहायला इथेच आले. काशीमावशी त्यांना अजूनही चिडवायच्या, "हुंड्यात नवरा घेतला मी. बदली कराया मिलंना म्हून ठेवला."

एकोणनव्वद साली काका निवृत्त झाले. कारखान्यातल्या लोकांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं. काकांनी स्वतःला काचेची पेटी दिली. आधी त्यात उल्हासनगरच्या दुकानातले सोनेरी मासे सोडले होते. ते टिकले नाहीत. काका म्हणाले, "गोडं पानी मना समजत नाय." आणि एका रविवारी बहिणीकडे, पुतळाबाईकडे जाऊन दोन कॅन भरून समुद्र घेऊन आले. सोबत ओल्या गोणपाटात गुंडाळलेला तो दगड, फुलासकट.

तेव्हापासून हे सुरू झालं. काका दर आठवड्याला एसटीने पनवेल, पनवेलहून दुसऱ्या एसटीने बहिणीचं गाव, खडकावर जाऊन भरतीचं स्वच्छ पाणी भरायचे आणि परत यायचे. पेटीतलं थोडं जुनं पाणी मगाने काढायचं, तेवढंच नवं घालायचं. अंगणात उभं राहून खांद्यावरून कॅन उतरवताना ते हमखास कंडक्टरची गोष्ट सांगत.

"मना विचारतो, कॅनमदे काय हाय? रॉकेल? मी बोललो, दर्या हाय. तो बोलतो, मग दर्याचं अर्दं तिकीट काढा."

"मग काढलंत?"

"काढलं ना. बोललो, लहान हाय अजून. मांडीवर बसंल."

मी पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा करून अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट विभागात नुकताच लागलो होतो. काका मला नावाने कधीच हाक मारत नसत. "ए डिप्लोमा!" अशी हाक आली की समजायचं, पेटीचा हवेचा पंप गुरगुरायचा थांबलाय किंवा चहा झालाय.

ब्याण्णव सालच्या पावसाळ्यानंतर काका चहाचा कप बशीच्या बाहेर ठेवू लागले. मग एकदा त्यांनी मला पोस्टमन समजून "कुठं सही करू?" विचारलं. काशीमावशींनी ते हसण्यावारी नेलं नाही. त्या त्यांना उल्हासनगरच्या डोळ्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या, मलाही सोबत नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा पिकत आलेला.

"होळीच्या आधी उजवा करून घ्या," डॉक्टर म्हणाले. "उशीर केलात तर आत फुटेल. मग मी हात लावूनही उपयोग नाही."

"करू की," काका म्हणाले. "किती वेल लागतो?"

"ऑपरेशनला फार नाही. पण नंतर सांभाळायचं. दीड महिना खाली वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, प्रवास नाही. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही."

काका उठले. हात जोडून म्हणाले, "मग पुढच्या वर्षी बघू."

बाहेर आल्यावर मावशी रस्त्यातच उभ्या राहिल्या. "काय जालं उटाया?"

"वाकायचं नाय, उचलायचं नाय, जायचं नाय. दर्या कोन आननार? पेटीतलं पानी कोन बदलनार? फूल मरंल."

"आनि डोला मेला म्हंजी?"

"दुसरा हाय."

"दुसरा बी तसाच हाय!"

"म्हून बोललो ना, पुढच्या वर्षी."

मावशी माझ्याकडे वळल्या. "बग रं. ह्या मानसानं माजं बालंतपन पन इतक्या कालजीनं नाय काडलं. त्या फुलासाटी आंदला होनार हाय."

 पण काकांच्या चार शब्दांनी मला काम दिलं होतं: पेटीतलं पाणी कोण बदलणार? कारखान्यात आम्ही दिवसभर हेच करत होतो. इथून द्रव येतो, तिथून जातो, माणसाने हात न लावता.

मी कागदावर आकृती काढली. एक पंप आत पाणी ओतणार, एक बाहेर काढणार, मध्ये टायमर. मावशी भाजी निवडता निवडता बघत होत्या.

"हे लायटीवर चालनार?"

"हो."

"आनि लाइट गेली म्हंजी? नायतर आत ओतनारा बिगडला आनि भायेर काडनारा चालू रायला म्हंजी?"

कुळगावात लाइट किती जायची हे मला माहीत होतं. लाइट गेली की हवेचा पंप थांबायचा आणि काका लोट्याने पेटीतलं पाणी वर घेऊन परत पेटीत ओतत बसायचे, म्हणजे पाण्यात हवा जाईल. मी आकृतीचा कागद चुरगाळला.

उत्तर मला हॉस्पिटलमध्येच मिळालं. काकांना न सांगता डॉक्टरांना पुन्हा भेटायला मी गेलो होतो, दीड महिन्याचा काही कमी होतो का विचारायला. ते होणार नव्हतं. पण बाहेरच्या खोलीत एका रुग्णाला सलाइन लावलेलं होतं. वर बाटली, खाली नळी, नळीवर छोटं चाक. चाक फिरवलं की थेंब हळू, उलट फिरवलं की जलद. लाइट नको, पंप नको, माणूसही नको. मी इतका वेळ त्या नळीकडे बघत राहिलो की नर्स म्हणाली, "तुमचे पेशंट आहेत का?"

मेडिकलमधून नवी सलाइनची नळी आणली. मग मोठा ड्रम हवा होता. उल्हासनगरच्या भंगार बाजारात टेकचंद नावाचा एक सिंधी व्यापारी रिकामे ड्रम विकायचा. मी प्रत्येक ड्रममध्ये डोकं घालून वास घेत होतो.

"क्या सूंघ रहा है, साईं? ड्रम है, अत्तर नहीं."

"इसमें पहले क्या था?"

"गुलाब शरबत का माल था. बिलकुल खाने वाला. तू क्या भरेगा?"

"समुंदर."

टेकचंदने माझ्याकडे नीट पाहिलं. मग आतल्या पोराला ओरडला, "इसको ढक्कन भी दे दे. बेचारे को जरूरत है."

ड्रम कितीही धुतला तरी गुलाबाचा वास पूर्ण गेला नाही. मावशींनी तो उन्हात पालथा घातला, चिंचेने घासला, पुन्हा उन्हात घातला. शेवटी तो माळ्यावर चढवला, जिथे पूर्वी भाताची कणगी असायची. ड्रमातून सलाइनची नळी खाली पेटीपर्यंत. पेटीच्या कडेवरून पाण्याने भरलेली दुसरी एक वाकडी नळी बाहेर, शेजारी ठेवलेल्या बरणीत. बरणीला पेटीतल्या पाण्याच्या उंचीवर एक भोक. पेटीत जेवढं नवं पाणी येईल तेवढंच जुनं बरणीतून बाहेर जाणार, पुढे नळीने परसातल्या नारळाच्या बुंध्याशी. नारळाला खारं चालतं, हे मावशींनी सांगितलं.

काका हे सगळं खुर्चीत बसून ऐकत होते. बघत होते असं म्हणवत नाही. मी जवळ जाऊन समजावलं. त्यांनी हात लांब करून नळी चाचपली, चाक फिरवून पाहिलं. बॉयलरवर इतकी वर्षं व्हॉल्व्ह फिरवलेला तो हात होता. चाक अर्धं फिरवून त्यांनी तळहात खाली धरला.

"येतोय," ते म्हणाले. "थेंब येतोय."

"ड्रम एकदा भरला की बरेच दिवस चालेल. मग करायचं ना ऑपरेशन?"

"पन ड्रममदे दर्या कोन भरनार? एवडं पानी खांद्यावरून आनाया तू काय हत्ती हायस?"

हा प्रश्न खरा होता. माझी सुट्टी आठवड्यातून एकच, तीही शुक्रवारी. दोन कॅनच्या वर मीही आणू शकत नव्हतो. पण काकांनीच उत्तर दिलं, आणि देताना त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला.

"मीठ आन," ते म्हणाले. "पुतळीच्या सासरच्या आगरातलं. मीठ म्हंजी काय? वालवलेला दर्या. इहिरीच्या पान्यात टाकला का जाला परत दर्या."

मलाही ते लगेच पटलं. पाण्यातून मीठ निघतं, तर मीठ आणि पाणी मिळून पुन्हा तेच व्हायला हवं. मी पुतळाबाईंकडून गोणीभर जाडं मीठ आणलं. विहिरीच्या पाण्यात विरघळवलं. कारखान्याच्या प्रयोगशाळेतून हायड्रोमीटर आणला होता. तो समुद्राच्या पाण्यात जिथपर्यंत बुडायचा, बरोबर तिथपर्यंत या पाण्यातही बुडत होता. काकांनी बोट बुडवून जिभेला लावलं. "बराबर," ते म्हणाले. माझं यंत्र आणि त्यांची जीभ एकमेकांना साक्ष देत होती. अजून काय हवं?

ऑपरेशनची तारीख ठरली. त्याआधी सगळं नीट चालतंय का बघावं म्हणून आम्ही थेंब चालू केला.

पहिले दिवस फार छान गेले. थेंब थेट पाण्यात पडला तर आवाज होत नव्हता, आणि चालू आहे की बंद ते काकांना कळत नव्हतं. म्हणून मी पेटीच्या कडेला एक छोटी स्टीलची वाटी बांधली, तळाला भोक पाडून. थेंब वाटीत पडायचा आणि मग खाली जायचा. टण्. थोड्या वेळाने पुन्हा टण्. काका ओटीवर कुठेही असले तरी त्यांना ऐकू यायचं. पहिल्या दिवशी मावशींनी कपाळावर हात मारला, "आता हे दीड महिना ऐकायचं कं?" पण दुसऱ्या सकाळी त्या स्वतःच ओल्या फडक्याने नळीचं टोक पुसत होत्या. खारं पाणी सुकून टोकावर मिठाचा पांढरा थर धरत होता आणि थेंब अडकत होता. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

एका संध्याकाळी मी कामावरून आलो तर मावशी परसात उभ्या होत्या. त्यांनी मला खुणेने बोलावलं.

"फूल मिटलंय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तीन दिस जाले. आज बुंदीच्या लाडवावानी गोल होऊन बसलंय. खेकडा शंकातनं अर्दा भायेर आलाय."

"काकांना माहीत आहे?"

"त्यांना दिसत असतं तर सांगाया लागलं असतं कं? रोज पेटीसमोर बसून बोलतात, आज कसं फुललंय बग. मी हो बोलते."

आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो. सांगितलं तर काका ऑपरेशनला जाणार नाहीत, ही खात्री होती. नाही सांगितलं तर फूल मरणार, आणि फूल मेल्याचं त्यांना दृष्टी आल्यावर दिसणार. त्या डोळ्यांनी पहिलं काय पाहायचं, तर तेच.

"परवा ऑपरेशन हाय," मावशी म्हणाल्या. "एकदा डोला होऊं दे. मग काय रडायचं ते रडंल."

मी होकाराची मान हलवली. 

पण त्याच संध्याकाळी काकांनी नेहमीच्या सवयीने पेटीत बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. आगरातल्या माणसाची सवय. बोट तोंडात तसंच राहिलं. मग त्यांनी कोपऱ्यात उरलेल्या जुन्या कॅनमधलं समुद्राचं पाणी मागितलं. ते चाखलं. पुन्हा पेटीतलं.

"काशी," ते म्हणाले, "खारट हाय. पन कडू नाय."

त्यांनी बोट पुन्हा चाटून पाहिलं.

"दर्याचं पानी खारट असतं आनि मागनं कडू लागतं. घशात. ह्याला कडू नाय. त्या दिशी मी जिबेपुरतंच चाकलं." मग त्यांनी विचारलं, "फूल कसं हाय?"

मावशी माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी पदर खोचला, जसा त्या भांडण्याआधी खोचायच्या, आणि म्हणाल्या, "मिटलंय."

"कवापासनं?"

"तीन दिस."

"आनि तू रोज हो बोलत होतीस."

"बोलत होते. तुमचा डोला मना फुलापक्षी जास्ती हाय. घ्या, काय करायचं ते करा."

मला वाटलं, आता आवाज चढणार. पण काका खुर्चीच्या कडेला हात घट्ट धरून तसेच बसून राहिले. टण्. थेंब पडला. "आदी तो बंद कर," ते मला म्हणाले. मी चाक फिरवलं. कॅनमधलं उरलेलं खरं पाणी मावशींनीच लोट्याने हळूहळू पेटीत सोडलं.

मग काका बोलू लागले, आमच्याशी कमी आणि स्वतःशी जास्त. आगरात पाणी वाफ्यात घेतात, ऊन खातं, मीठ तळाला बसतं. पण सगळं पाणी सुकू देत नाहीत. वर जे थोडं तेलासारखं जड पाणी उरतं ते कडूजहर असतं. ते बांध फोडून वेळेवर सोडून द्यावं लागतं, नाहीतर मीठ कडू होतं आणि कोणी घेत नाही. त्यांचे बाबा त्या पाण्याला शिव्या द्यायचे. लहानपणी काकांचं तेच काम होतं, कडू पाणी खाडीत सोडायचं.

"जल्माची सवय," ते म्हणाले. "कडू असंल ते सोडून द्यायचं. आमी मीठ घरी आनलं आनि बोललो हाच दर्या. अर्दा दर्या आमीच सोडून दिला होता."

तेव्हा माझ्या डोक्यात पुस्तकातलं एक पान उघडलं. मीठ बसून गेल्यावर उरलेल्या त्या पाण्यात मॅग्नेशियम असतं, आणखीही बरंच काही. मी परीक्षेत ते लिहून गुण मिळवले होते. हायड्रोमीटर जड-हलकं सांगतो, कडू-गोड सांगत नाही.

"मी उद्या रजा टाकतो," मी म्हणालो. "कडू पाणी आणतो."

पुतळाबाई बांधावर उभ्या होत्या. हंगाम भरात होता, वाफे पांढरे झाले होते, बायका डोक्यावर मिठाच्या पाट्या घेऊन ढिगाकडे जात होत्या. मी कशाला आलो ते ऐकून त्यांनी कमरेवर हात ठेवले.

"लोकं मीठ नेतात, तू टाकायचं पानी नेतोस? भगवंतदादाचा डोला गेलाय का डोकं?"

"डोळा. उद्या ऑपरेशन आहे. पण फूल मिटलंय."

त्या हसायच्या थांबल्या. एक कॅन कडू पाण्याचा त्यांनी स्वतः भरला, पातळ फडक्यातून गाळून. दुसरा कॅन खडकावरच्या समुद्राचा. निघताना म्हणाल्या, "दादाला सांग, लहानपनी हेच पानी त्यानं माज्या डोल्यात उडवलं होतं. म्हून देव त्याला आता दाकवतोय."

परत आल्यावर आम्ही ड्रम रिकामा केला. पुन्हा विहिरीचं पाणी, मीठ, आणि या वेळी त्यात कडू पाणी. किती घालायचं ते माझ्या पुस्तकात नव्हतं, कारण ते लिहिणारं कोणी घरात असा समुद्र बनवायला बसलं नव्हतं. मी थोडं ओतायचो, ढवळायचो, हायड्रोमीटर पाहून साधं पाणी वाढवायचो. काका चाखायचे. "अजून." मी ओतायचो. "अजून एक लोटा." शेवटी त्यांनी घसा खाकरला, तोंड वाकडं केलं आणि खूश झाले. "हां. आता लागला घशाला." वरून खऱ्या समुद्राचा कॅन त्यात ओतला. हे काही अगदी समुद्राचं पाणी नव्हतं, हे मला माहीत होतं. पण आता अर्धा समुद्र तरी बाहेर राहिला नव्हता.

थेंब चालू केला. टण्.

सकाळी हॉस्पिटलला निघायचं होतं. रिक्षा दारात उभी होती. मावशींनी पिशवी भरली होती, धुतलेला टॉवेल, पेला, चादर. काका अंगरखा घालून पेटीसमोर बसले होते आणि उठत नव्हते.

"काशी," त्यांनी विचारलं, "उगडलं कं?"

मी मावशींच्या मागे होतो. मला पेटी दिसत होती. फूल तसंच गोळा होऊन बसलं होतं. एक शब्द पुरला असता. काकांना काही कळलं नसतं, ते उठून रिक्षात बसले असते. मी मनातल्या मनात म्हणत होतो, बोला हो. बोला.

मावशी वाकून काचेजवळ गेल्या. नीट पाहिलं. सरळ झाल्या.

"नाय," त्या म्हणाल्या. "अजून मिटलेलंच हाय. खेकडा मातर शंकात गेलाय परत."

रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. काकांनी डोकं मावशींच्या आवाजाकडे वळवलं.

"हो बोलली असतीस तरी मना कललं नसतं."

"तीन दिस बोलले ना हो. तोंड कडू जालं माजं."

काकांनी काचेवर एकदा हात फिरवला. मग त्यांनी हात पुढे केला, मावशींनी तो धरला आणि ते उठले.

"नलीचं टोक रोज पूस," दाराकडे जाताना ते म्हणाले. "लाइट गेली का लोटा. आनि फुलाला रोज बग. जसं असंल तसं मना सांग. मेलं तरी सांग."

"सांगीन."

"मग जातो मी."

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी मावशी डबा घेऊन हॉस्पिटलला गेल्या, मी शिफ्ट संपवून गेलो. काका पाठीवर सरळ पडले होते, उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी. मावशी पेज भरवत होत्या. मी आत शिरताच काका म्हणाले, "डिप्लोमा आला कं? हिला विचार काय बोलते."

"काय?"

"अर्दं उगडलंय बोलते."

"सकाली पाहिलं," मावशी म्हणाल्या. "सगल्या पाकल्या नाय. एका बाजूच्या. जेवडं हाय तेवडं सांगते." आणि त्यांनी पेजेचा चमचा त्यांच्या तोंडात घातला.

घरी आल्यावर काकांची खाट ओटीवरच टाकली, पेटीपासून हाताच्या अंतरावर. वाकायचं नाही, उचलायचं नाही. दुपारी भेटायला येणारे शेजारी म्हणायचे, "काका, त्या टण् टण्नं झोप लागत नसंल." काका म्हणायचे, "थांबलं तर जाग येते." आणि एकदा ते खरंच झालं. दुपारच्या झोपेतून ते दचकून उठले, "काशी, थेंब!" मावशी चुलीवरचं तसंच टाकून धावल्या. टोकावर मीठ धरलं होतं. फडक्याने पुसलं. टण्. काका पुन्हा झोपले. रोज सकाळी मावशी पेटीसमोर बसून सांगायच्या, फूल किती उघडलंय, मासा कुठे आहे, खेकड्याने काय खाल्लं. आधी थोडक्यात सांगायच्या. मग लांबण लागू लागली. खेकडा आणि मासा यांची भांडणं त्या शेजारणींच्या भांडणांसारखी रंगवून सांगू लागल्या. ज्या पेटीकडे त्यांनी इतकी वर्षं नाक मुरडलं, तिच्यातलं प्रत्येक घर त्यांना माहीत झालं होतं.

चष्मा आला तेव्हा दीड महिना उलटला होता. जाड भिंगांचा, काळ्या फ्रेमचा. मी तो उल्हासनगरहून आणला. काकांनी तो घालायच्या आधी मावशींना हाक मारली नाही, मला मारली नाही, खुर्ची ओढून पेटीसमोर बसले आणि मग घातला.

फूल पूर्ण उघडलेलं होतं. पाकळ्या पाण्याबरोबर हलत होत्या.  मासा दगडामागून वर आला.

"हा कवा आनला?" त्यांनी विचारलं.

"कोण?"

"हा निला मासा."

"काका, तो जुनाच आहे. पट्टेरी. तुम्हीच आणलेला."

"हा निला हाय?" ते काचेला नाक लावून बघत होते. "मना किती दिस तो चहाच्या रंगाचा दिसत होता. मी बोलायचो, गरीब मासा हाय, राहूं दे." मग ते इतके हसले की भिंगांवर वाफ आली. चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला.

मावशी तेवढ्यात ओलं फडकं घेऊन आल्या, रोजच्यासारख्या. टाचा उंचावून नळीचं टोक पुसू लागल्या. त्यांच्या बोटांना मिठाचा पांढुरका थर लागला होता. काकांनी चष्म्यातून वर पाहिलं आणि बघतच राहिले.

"काशी," ते म्हणाले, "तुजे केस कवा पिकले?"

मावशींचा हात थांबला. "तुमी दर्या आनत होता ना एसटीनं," त्या म्हणाल्या, "तवा."

"सगले?"

"सगले नाय. जेवडे हायेत तेवडे बगा." आणि त्या पुन्हा टोक पुसू लागल्या.

टण्, वाटीत थेंब पडला. काका अजून त्यांच्याकडेच बघत होते. मग डावा डोळा हाताने झाकला, पुन्हा पाहिलं. उजवा झाकला, पाहिलं, आणि मान हलवली.

"ए डिप्लोमा," ते म्हणाले, "दुसऱ्या डोल्याची तारीख कवाची मिलंल बग. ह्या डोल्यानं बाय अजून चहाच्या रंगाची दिसते."